कोरी जीन्स, कुबट वास आणि मुंबईची हवा

परवा एका मुलाचा मेसेज आला. ठाण्यात राहतो, पहिल्या पगारातून पहिली रॉ डेनिम घेतलीये, १४ औंसची (म्हणजे एका चौरस यार्ड कापडाचं वजन १४ औंस, चांगलंच जाड), आणि विचारतोय की दादा, ही सहा महिने धुवायची नाही ना? मेसेजची तारीख १८ जून, बाहेर धो धो पाऊस. मी उत्तर टाइप करायला घेतलं आणि ते इतकं लांबत गेलं की म्हटलं इथेच नीट लिहून टाकू, कारण हाच प्रश्न सहा वर्षांपूर्वी मी पण विचारला होता आणि तेव्हा मला जे उत्तर मिळालं ते मानल्यामुळे माझी एक फार चांगली जीन्स गेली.

ज्यांना रॉ डेनिम म्हणजे काय ते माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. आपल्याकडे कोरा हा शब्द आहेच की, कोरी साडी, कोरं धोतर, दुकानातून आणलं आणि अजून पाणी लागलेलं नाही असं. रॉ डेनिम म्हणजे कोरी जीन्स. मागावरून उतरलेलं कापड, त्यात खळ तशीच, त्यामुळे पुठ्ठ्यासारखी कडक, पहिल्या दिवशी जमिनीवर ठेवली तर पाय उभे राहतात. मॉलमधली नेहमीची जीन्स कारखान्यातच धुतलेली असते, घासलेली असते, मांडीवर फिकट पट्टा सुद्धा तिथेच मारलेला असतो. कोऱ्या जीन्सवर यातलं काहीच नसतं. जे काय फिकट होणार ते तुमच्या चालण्याने, बसण्याने, खिशातल्या वस्तूंनी होणार, आणि सगळी मजा तीच आहे.

आणि ती जी फिकट होते त्याचं कारण निळीत, म्हणजे इंडिगो या रंगात आहे. इंडिगो पाण्यात विरघळतच नाही. रसायन घालून तिला आधी हिरवट पिवळ्या रूपात आणावं लागतं, त्यात उभे धागे बुडवतात, बाहेर काढले की हवा लागून ते डोळ्यांसमोर निळे होतात, परत बुडवतात, परत हवा, असं कितीतरी वेळा. एवढं करूनही रंग धाग्याच्या पोटात जात नाही, वरवर बसतो, आत धागा पांढराच. म्हणून जिथे घर्षण होतं तिथे वरचा निळा थर झिजतो आणि आतला पांढरा दिसायला लागतो. आडवा धागा तर पांढराच असतो, म्हणूनच जीन्स आतून फिकट दिसते. जर्मनीच्या बीएएसएफने १८९७ मध्ये कारखान्यात बनवलेली इंडिगो बाजारात आणली, आज बहुतेक जीन्सवर हीच कारखान्यातली नीळ असते, पण तिचा स्वभाव झाडाच्या निळीसारखाच आहे, धाग्यावर नुसती टेकून बसते.

माझ्या आत्ताच्या जोडीला तीन वर्षं होतील. मी डोंबिवलीहून लोअर परेलला जातो, लोकलने, आणि गर्दीत सॅक पुढे घेऊन उभं राहायचं हे इथे सगळ्यांना माहीत आहे. तर माझ्या जीन्सवर दोन्ही मांड्यांच्या वरच्या भागात, खिशांच्या खाली, एक रुंद फिकट पट्टा आलाय जो मी दुसऱ्या कुणाच्या जीन्सवर पाहिलेला नाही. सॅकची खालची कड तिथे रोज दीड तास घासते. उजव्या खिशावर मोबाइलचा चौकोन, डाव्या बाजूला घराच्या किल्लीचा लांबट ठसा, त्यातल्या किल्लीचे दाते पण उजेडात धरलं तर मोजता येतात. जपानमध्ये, अमेरिकेत लोक गुडघ्यामागे सुरकुत्यांनी उमटलेली फिकट जाळी आणि घोट्याजवळच्या घड्यांचे फिकट ठसे दाखवतात, त्या माझ्याही आहेत, पण तो सॅकचा पट्टा बघितला की मला खरंच फार बरं वाटतं. तो फक्त मध्य रेल्वेवर तयार होतो.

आता न धुण्याबद्दल. ही गोष्ट कुणीतरी हवेतून काढलेली नाही हे मान्य करायला हवं. पाण्यात टाकली की रंग सगळीकडून थोडा थोडा जातो, त्यामुळे फिकट आणि गडद यातला फरक कमी होतो, आणि ज्याला ठसठशीत घड्या हव्यात तो शक्य तितकं धुणं पुढे ढकलतो. २०१४ मध्ये लिव्हाइसचे तेव्हाचे सीईओ चिप बर्ग यांनी एका कार्यक्रमात सांगितलं की अंगावरच्या जीन्सने वर्षभर वॉशिंग मशीन पाहिलेलं नाही, आणि ते जगभर पसरलं. नंतर त्यांनी खुलासा केला होता की धुतो, पण हाताने आणि गरज पडली तर. तो खुलासा फारसा कुणी वाचला नाही. त्याच्याही आधी, २०११ मध्ये, कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने एकच रॉ जीन्स १५ महिने न धुता घातली आणि मग प्रयोगशाळेत तपासली. मग ती धुतली, परत दोनेक आठवडे घातली आणि परत तपासली, तर जिवाणूंची संख्या जवळजवळ सारखीच निघाली. न धुणाऱ्यांच्या हातात यापेक्षा मोठा पुरावा नाही. मला पण तोच दाखवला होता.

पण हे विद्यापीठ एडमंटनला आहे. तिथे वर्षभराचा पाऊस आणि बर्फ मिळून ५०० मिलिमीटरच्या आत. आपल्या सांताक्रूझला एकट्या जुलै महिन्यात सरासरी ८०० च्या वर पडतो! आणि नुसता पाऊस नाही, ऑक्टोबरमध्ये दुपारी स्टेशनचा जिना चढून वर आलात की गुडघ्यामागे घाम वाहतोय हे जाणवतं. तिकडच्या माणसाची जीन्स रात्री खुर्चीवर टाकली की सकाळी कोरडी. आपली सकाळी पण दमटच, आणि आपण ती तशीच परत चढवतो. त्या प्रयोगात जिवाणू मोजले होते, धाग्याची ताकद मोजायचा तो प्रयोगच नव्हता. आणि आपल्याकडे खरा प्रश्न धाग्याचा आहे.

माझी पहिली रॉ जीन्स मी मार्चमध्ये घेतली होती, सप्टेंबरपर्यंत धुवायची नाही असं ठरवून. एप्रिल-मे कसेबसे गेले. आई रोज म्हणायची, अरे ती धुवायला टाक, घाम कापड खातो. मी तिला नीळ, घड्या, सगळं समजावायचो. जुलैमध्ये चार दिवस सुट्टीवर गावी गेलो, जीन्स कपाटात घडी करून ठेवली होती, परत येऊन कपाट उघडलं तर तो कुबट वास, ओल्या गोणपाटासारखा, आणि जीन्सच्या मागच्या बाजूला कमरेखाली पांढरट हिरव्या बुरशीचे ठिपके. कमरेला मागे शिवलेल्या चामड्याच्या लेबलवर तर पूर्ण साय धरल्यासारखा थर. तेव्हा सुद्धा मी ओल्या फडक्याने पुसून ती पंख्याखाली टांगली, धुतली नाही. ऑगस्टच्या शेवटी दादरला पुलाचा जिना चढताना दोन पायांच्या मध्ये चर्रकन आवाज आला.

फाटणं तर होतंच, घट्ट जीन्स तिथेच फाटते, मी म्हटलं घासून गेली असेल. दादरलाच बाजारातल्या एका बोळात रफूवाले चाचा बसतात, त्यांच्याकडे नेली. त्यांनी जीन्स उलटी केली, फाटलेल्या जागेच्या बाजूचा चांगला दिसणारा भाग दोन अंगठ्यांमध्ये धरला आणि हलकेच ताणला. हलकेच म्हणजे, पोळीचा तुकडा मोडायला जितकं बळ लागतं तितकं. कापड टरकन उसवलं. मग त्यांनी गुडघ्याचा भाग तसाच ताणला, त्याला काही झालं नाही, खरं तर गुडघा जास्त घासला गेला होता, जास्त पांढरा होता. म्हणाले, "ये घिसा नहीं है बेटा, गला है." घासलेलं नाही, कुजलंय. घाम, त्यातलं मीठ, ओल, आणि तेच तेच सहा महिने. त्यांनी मागून पातळ कापड लावून मशीनने पुढे मागे टाके मारून भरून दिलं, दीडशे रुपये घेतले, आणि बजावलं की आजूबाजूचं कापड पण विरलंय, टिकणार नाही. दिवाळीपर्यंत गेलीच ती. घड्या मात्र सुंदर आल्या होत्या, अजून ठेवलीये, घालता येत नाही.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की आपल्या हवेत कोरी जीन्स धुवायची. न घाबरता धुवायची. मी थंडीत, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, वीस पंचवीस वेळा घातली की धुतो. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये दहा वेळा. पावसाळ्यात आठ दहा वेळा, आणि मधे भिजली, चिखल उडाला तर त्याच रात्री किमान साध्या पाण्यातून काढतो, रस्त्यावरचं पाणी कपड्यात वाळू द्यायचं नाही. आणि घड्या येतात! थोड्या मऊ येतात, रंगाचा फरक जरा कमी, पण निळा जास्त जिवंत दिसतो, न धुतलेल्या जीन्सचा निळा मळून काळपट होतो ते मला तर आता बघवत नाही.

धुवायचं कसं, तर मशीनमध्ये नाही, बादलीत. जीन्स उलटी करायची, बटणं लावायची, चेन असेल तर ती पण. साधं नळाचं पाणी, गरम नको. पांढऱ्या कपड्यांची चमक वाढवणारी पावडर अजिबात नको, त्यात चमक आणणारी रसायनं असतात आणि इंडिगो विचित्र दिसायला लागते. मी रिठा वापरतो. सात आठ रिठे रात्री भिजत घालायचे, सकाळी त्याच पाण्यात उकळायचे, कुस्करून गाळून घ्यायचं, थंड झालं की बादलीत. आई पैठण्या अशाच धुते, जे रेशमाला चालतं ते याला चालतं. रिठा मिळत नसेल तर कुठलंही सौम्य लिक्विड, अर्ध झाकण. वीस पंचवीस मिनिटं बुडवून ठेवायची, मधे दोनदा हाताने दाबायची, दोन पायांच्या मधला भाग आणि कमरेची पट्टी तेवढी बोटांनी चोळायची. ब्रश मारायचा नाही, दगडावर आपटायची नाही. पाणी निळं होईल, पहिल्यांदा तर भरपूर, घाबरायचं नाही. मग दोनदा तीनदा स्वच्छ पाण्यातून काढायची, साबण राहिला तर तोही कापडाला बरा नाही.

मीठ आणि व्हिनेगर घालून रंग पक्का होतो असं अजूनही लोक सांगतात. इंडिगोचं बसणं वेगळं आहे हे वर सांगितलंच, मीठ टाकून ती धाग्याला जास्त चिकटत नाही. आणि फ्रीझरमध्ये ठेवून जिवाणू मरतात हे पण नाही होत, थंडीत ते गप्प बसतात आणि अंगाची ऊब लागली की परत कामाला लागतात, मळ आणि मीठ तर जसंच्या तसं आतच.

खरी परीक्षा धुण्यात नाही, वाळवण्यात आहे. १४ औंसचं कापड जुलैमध्ये वाळायला दोन दिवस कुठेच गेले नाहीत, आणि दोन दिवसांत कुबट वास धरतोच, ज्याच्यासाठी धुतली तोच वास परत. पिळायची नाही असं सगळे सांगतात, कारण पिळलेल्या रेषा कापडावर पांढऱ्या उमटतात, ते खरंय. मी असं करतो की आधी अर्धा तास नळावर टांगून निथळू देतो, मग एक मोठा सोलापुरी टॉवेल जमिनीवर पसरून त्यावर जीन्स, आणि दोन्ही मिळून वळकटी करून त्यावर चक्क उभा राहतो. टॉवेल एवढं पाणी पितो की बघून आश्चर्य वाटतं. मग कमरेला चार चिमटे लावून, पाय खाली मोकळे सोडून, उलटीच, पंख्याखाली. दोन पायांच्या मधे हवा जावी म्हणून कमरेत एक हँगर आडवा अडकवायचा. अगदीच झड लागली असेल तर मशीनमध्ये फक्त स्पिन, दोन मिनिटं, सगळ्यात हळू. चारदोन रेषा आल्या तरी चालतील, बुरशी नको. आणि वाळली का हे बघताना मांडीला हात लावून बघू नका, मांडी सगळ्यात आधी वाळते. खिशाच्या अस्तराच्या तळाला आणि कमरेच्या पट्टीला हाताची मागची बाजू लावून बघा. गार लागलं म्हणजे अजून ओल आहे. ऊन असेल त्या दिवसांत सावलीत वाळवा, कडक उन्हात निळा उडतो.

आता विकत घेण्याबद्दल, कारण त्या मुलाने ते पण विचारलंय, दुसरी घ्यायची म्हणतोय लगेच. (घेऊ नकोस, आधी ही एक वर्ष घाल.)

सेल्व्हेज या शब्दाला फार भुलू नका. सेल्व्हेज म्हणजे काठ, बस. धोट्याच्या मागावर आडवा धागा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि वळून परत येतो, त्यामुळे कडा आपोआप बंद होते, उसवत नाही. नव्या वेगवान मागांवर आडवा धागा प्रत्येक फेरीला कापला जातो, म्हणून कडेला झालर राहते आणि ती शिवून बंद करावी लागते. मी आजीला माझ्या जीन्सचा पाय दुमडून तो लाल धाग्याचा पांढरा काठ दाखवला होता, त्यासाठी जास्त पैसे मोजले असं सांगितलं, तर तिने नुसतं बोट फिरवलं आणि म्हणाली, काठ बरा आलाय, पण पोत बघितलास का? तिचं म्हणणं मला फार उशिरा कळलं. काठ चांगला आणि पोत सुमार असं होतंच की. धोट्याचे माग आपल्याला काही नवे नाहीत, इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला आणि पुढे तिथे अख्खं गाव त्या आवाजावर जगलं. अहमदाबादची अरविंद मिल सेल्व्हेज डेनिम विणते, आणि ते हातात घेऊन बघितल्यावर मला पहिल्या दोन वर्षांत जपानी कापडासाठी खर्च केलेल्या पैशाचा परत विचार करावासा वाटला. जपानमधल्या ओकायामातल्या कोजिमाचं कापड सुंदरच आहे, त्यात वाद नाही, पण पहिली जोडी चुकून कुजवायची असेल तर ती एवढी महाग नको.

मध्येच एक सांगतो कारण मला ते फार आवडतं. इंग्रजीतला डंगरी हा शब्द, म्हणजे जाड निळ्या कापडाची ती कामगारांची पँट, तो आपल्या मुंबईच्या डोंगरीवरून गेलाय. तिथे विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड, डोंगरी म्हणून ओळखलं जायचं, जहाजांवरून बाहेर गेलं, खलाशांच्या अंगावर चढलं, सतराव्या शतकापासून इंग्रजीत तो शब्द सापडतो. डोंगरीजवळच्या सँडहर्स्ट रोड स्टेशनवरून गाडी जाताना मला दर वेळी हे आठवतं.

माप. यावर सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. लेबलवरचा ३२ हा ३२ नसतो, प्रत्येक कंपनीचा वेगळा. स्वतःच्या कमरेला टेप लावू नका, तुमच्याकडची सगळ्यात नीट बसणारी पँट घ्या, पलंगावर सपाट पसरा, आणि तिची मापं घ्या. कमर एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत. समोरून बटणापासून खाली शिवणीपर्यंतची उंची. मांडी, शिवणीच्या एक इंच खाली. गुडघा, मोहरी म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची रुंदी, आतल्या बाजूची लांबी. ही सहा मापं मोबाइलमध्ये लिहून ठेवा आणि ऑनलाइन साइझ चार्टशी तीच ताडून बघा. आणि कापड सॅनफोराइज्ड आहे का विचारा, म्हणजे आधीच आटवलेलं. असेल तर पहिल्या धुण्यात एक ते तीन टक्के आटेल, नसेल तर सात ते दहा टक्के सुद्धा, म्हणजे ३२ इंच लांबीची जीन्स तीन इंच आखूड होऊ शकते. अशी जीन्स आधी भिजवून वाळवायची आणि मग खालून मापाला कापून घ्यायची, उलटं केलंत तर गेली.

टी-शर्टचं बघा, सगळे आता जीएसएम विचारतात, २४० आहे का, २६० आहे का. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं वजन ग्रॅममध्ये, एवढंच, त्याने कापड चांगलं आहे का कळत नाही. मे महिन्यात मी १८० च्या वर जात नाही, २४० वाले नोव्हेंबरनंतर काढतो. मी दोन गोष्टी बघतो. गळ्याची पट्टी दोन बोटांनी ताणून सोडायची, लगेच जागेवर आली पाहिजे, लाटा राहिल्या तर तो गळा तीन धुण्यांत लोंबणार. आणि बाजूची शिवण, काखेपासून खाली सरळ येते का, नवीनच टी-शर्टची शिवण पोटाकडे फिरलेली असेल तर धुतल्यावर अजून फिरेल, मग कितीही इस्त्री करा. फॅशन स्ट्रीटला, म्हणजे आझाद मैदानासमोरच्या, तिरुपूरहून आलेला सरप्लसचा माल मिळतो, लेबल कापलेला, त्यात कधी कधी फार चांगलं कापड हाताला लागतं. ट्रायल नसते म्हणून खिशात टेप ठेवा आणि एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजा. प्रिंट असेल तर आडवा ताणून बघा, तडे दिसले तर ठेवून द्या. आणि ओव्हरसाइज म्हणजे दोन साइझ मोठा घेणं नाही हो. खऱ्या ओव्हरसाइजमध्ये खांद्याची शिवण खाली उतरवलेली असते, बाही रुंद असते, पण लांबी तेवढीच ठेवलेली असते. एक्सएल घेतलात तर लांबी पण वाढते आणि माणूस आखूड दिसतो. माझी उंची पाच फूट सहा, मी हे आरशासमोर उभं राहून, दोन्ही घालून, फोटो काढून पाहिलंय.

धुताना उलटा, वाळताना उलटा, इस्त्री प्रिंटवर कधीच नाही. जवळच्या एका लाँड्रीत मी एकदा सांगायला विसरलो आणि छातीवरचं अख्खं चित्र इस्त्रीला चिकटून आलं. तो टी-शर्ट कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही पाच जणांनी मिळून छापून घेतलेला होता, परत मिळणार नव्हता. तेव्हापासून प्रिंटवाले कपडे मी घराबाहेर देत नाही.

बुटांना पण हीच हवा खाते, आणि हे मला खूप उशिरा कळलं. एक जोड मी खास प्रसंगाला म्हणून जपून ठेवला होता, डब्यात, कागदात गुंडाळून, सहा वर्षांत चार वेळा घातला असेल. भावाच्या लग्नात संगीतच्या दिवशी काढला, दहा पावलं चाललो आणि तळाचा फेस चुरमुऱ्यासारखा गळायला लागला, हॉलच्या गालिच्यावर पांढरा चुरा. बऱ्याच स्नीकर्सच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेन नावाच्या फेसाचा असतो आणि हवेतल्या ओलीने त्यातल्या रेणूंची साखळी तुटत जाते, न घालता ठेवले तर उलट लवकर, कारण चालताना आतली ओल दाबून बाहेर पडते म्हणतात. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फेसाचा थर असेल तर हा त्रास होत नाही. म्हणून जोड आहेत तर घाला, आलटून पालटून, महिन्यातून एकदा तरी. बंद डब्यात ठेवायचे तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात त्या दोनदा बदला.

स्टाइलबद्दल मला कुणाला शहाणपण शिकवायचं नाही, पण एक सांगतो. तिकडचे फोटो बघून आपण तीन थर चढवायला जातो, टी-शर्ट, त्यावर हुडी, त्यावर जॅकेट, आणि कुर्ल्याला उतरेपर्यंत जीव नकोसा होतो. आपल्याकडे थर पातळ हवेत. मलमलचा किंवा पातळ खादीचा अर्ध्या बाहीचा शर्ट, बटणं उघडी, आत साधा पांढरा टी-शर्ट, खाली रुंद पायाची कोरी जीन्स घोट्याच्या वर दुमडलेली, आणि पायात कोल्हापुरी. हे मी कुणाचं बघून केलेलं नाही, डिसेंबरमध्ये गावी जत्रेला असाच गेलो होतो आणि चुलतभावाने मागून फोटो काढला, तो बघितल्यावर पहिल्यांदा वाटलं की हा मीच आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली, २०१९ मध्येच कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे. मला तेव्हा वाटलं की आपले किती स्नीकरवाले मित्र पायात कोल्हापुरी घालतात? फार नाही. घाला, नवीन असताना चावते, आठवडाभर रात्री आतून तेलाचं बोट फिरवा, मऊ पडते. फक्त जून ते सप्टेंबर ती माळ्यावर, कागदात, पाण्यात एकदा भिजली की चामडं फुगतं आणि टाके सुटतात.

तर त्या ठाण्याच्या मुलाला मी एवढंच लिहिलं की आज रात्री ती जीन्स उलटी करून साध्या पाण्यात भिजव, निळं पाणी बघून घाबरू नकोस, टॉवेलमध्ये गुंडाळून त्यावर उभा राहा. त्याने दुसऱ्या दिवशी फोटो पाठवला, पंख्याखाली टांगलेली, कमरेत हँगर आडवा, खाली वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर निळे थेंब. विचारत होता, खिशाचा तळ अजून गार लागतोय, घालू का? म्हटलं नाही, आज दुसरी घाल.

माझ्या जीन्सचा उजवा गुडघा आता पातळ वाटायला लागलाय, उजेडात धरलं की नुसते आडवे पांढरे धागे दिसतात. फाटायच्या आत भरून घ्यायचा आहे. शनिवारी दादरला जातोय, चाचा दुपारी दोननंतर असतात.